दुसऱ्या अक्षरावर भार

बाबुआला पाटीसाठी एक शब्द हवा होता.
"पाहुणे येतात, म्हणतात नाइस.
सूप नाइस, उशी नाइस, संडास नाइस,
मग दार उघडून उश्बाकडे बघतात
आणि म्हणतात, नाइस.
तेक्ले, तू इंग्रजी शिकतेस ना,
मला असा शब्द दे
जो कुणी संडासाला लावणार नाही."

झुगदिदीहून आणलेली डिक्शनरी उघडली,
तिची क्यूची पानं उंदरांनी खाल्लेली.
मॅजेस्टिक, मी म्हटलं.
"त्या नावाचं हॉटेल होतं कुतैसीत. ढेकूण होते."
मॅग्निफिसंट.
तीनदा म्हणायला गेला, तीनदा कवळी सुटली.
ग्रँड.
"तो पियानो असतो."

शेवटी ए च्या पानावर,
जिथून खरं तर सुरुवात करायला हवी होती,
ऑगस्ट.

"महिना?"
नाही, बाबुआ. अक्षरं तीच, भार वेगळा.
महिना म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर,
हे म्हणताना दुसऱ्यावर.
अर्थ: भारदस्त.
ज्याच्यासमोर आपला आवाज आपोआप उतरतो.

तो अंगणात गेला
आणि हिमनदीवर चालतात तसा चालला,
पहिलं पाऊल अलगद, चाचपून,
दुसऱ्यावर सगळं अंग टाकून:
ऑ-गस्ट्.
गाय रवंथ थांबवून बघत राहिली.
ऑ-गस्ट्.
"चालेल," म्हणाला. "हा शब्द वजन धरतो."

ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग, फळीवर माझं अक्षर:
ऑगस्ट डोंगर. खोल्या. गरम पाणी.

पोलंडच्या जोडप्यानं विचारलं,
सप्टेंबरात बंद असतो का?
बाबुआनं दोघांना जेवणाआधी अंगणात उभं केलं,
पाऊल टाकायला शिकवलं,
नीट जमल्याशिवाय सूप नाही.

मग लीड्सच्या हॉलिंगवर्थ बाई, निवृत्त शिक्षिका,
फार हळुवारपणे म्हणाल्या,
मिस्टर बिमुर्झा, हा शब्द डोंगराला सहसा नाही लावत.
सभेला लावतात, न्यायासनाला,
जिथं थोर मंडळी गंभीर होऊन बसलेली असतात.
मी भाषांतर केलं.
बाबुआनं खिडकीतून दोन शिखरांकडे हनुवटी उडवली.
"मग बसलेत की दोघं.
निकाल तेवढा देत नाहीत."

बाई हसल्या. मीही.
डोम्ना, बाबुआची बहीण, हसली नाही,
पावाची परडी उचलून आत गेली.

डोम्ना पुढच्या फाटकातून येत नाही,
पाटी लागल्यापासून.
तिच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर
जुलैवरून थेट सप्टेंबरावर जातं,
मधलं पान चूल पेटवायला लागतं म्हणते.
या दोघांचा धाकटा भाऊ जोकिया
मॉस्कोच्या गिर्यारोहकांचे दोर वाहायला गेला होता,
एकोणीस वर्षांचा.
दोर सापडले.
महिना मला कुणी कधी सांगितला नव्हता.

रात्री मी म्हटलं, बाबुआ, शब्द बदलू का?
रंग उरलाय अजून.
तो बूट काढत होता. एक काढला,
दुसरा हातात धरून बराच वेळ बसला.
"अक्षरं तीच, भार वेगळा. तूच म्हणालीस ना."

आता जानेवारी. पाहुणे नाहीत.
वारा हिमनदीकडून येतो, बर्फ तिरपा पडतो,
पाटीची उजवी बाजू पार बुजलीय,
डावीकडे लाल रंगात एवढंच दिसतं: ऑ.
ते हलकं अक्षर.
रोज सकाळी बाबुआ फावडं घेऊन
दार मोकळं करतो, गोठा, मग फाटकापर्यंतची वाट,
पाटीपाशी थांबून मिश्या पुसतो.
तिथल्या बर्फाला मात्र फावडं लावत नाही.